तोंडी लावायला

सोलापूरकडं दुपारी कुणाच्या घरी गेलात तर “जेवायला काय केलंय?” असं सहसा कुणी विचारत नाही. विचारतात, “तोंडी लावायला काय केलंय?” जेवण काय आहे हे विचारायची गरजच नसते. ज्वारीची भाकरी. ती आहे हे धरूनच पुढचा प्रश्न येतो. बाकी जे काही असेल, आमटी, वांगं, पिठलं किंवा नुसती शेंगाचटणी, ते सगळं तोंडी लावण्यापुरतं. खेड्यात त्याला कोरड्यास म्हणतात. पातळ पाण्यासारखी आमटी असली तरी कोरड्यासच. लहानपणी मला याची गंमत वाटायची.

आता वाटतं, ओढाताणीच्या संसाराचा सगळा हिशेब या शब्दांत आधीच मांडून ठेवलाय. पोट भाकरीनं भरायचं आणि भाकरी घशाखाली उतरेल एवढाच खर्च बाकीच्यावर करायचा. माझ्या आईला हा हिशेब कुणी समजावून सांगितला नव्हता. ती चौथीपर्यंत शिकलेली. पण रोज दोन वेळा, सात माणसांसाठी, ती तो चुलीपुढं बसून सोडवायची आणि सहसा चुकायची नाही.

आम्ही सातजण म्हणजे आजी, आण्णा, आई आणि आम्ही चार भावंडं. दोन खोल्यांची चाळ. आण्णा मिलमध्ये साचेखात्यात. सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली १८७७ साली. तिला सगळं गाव जुनी मिल म्हणायचं. तिच्यानंतर आणखी मिल उभ्या राहिल्या आणि अर्ध्या गावाचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. आमच्या घरातली शेगडीही भोंग्यावरच पेटायची. पगार दहा तारखेला. दहा ते वीस बरे दिवस. वीसनंतर वाण्याच्या वहीवर. वाणी वहीत लिहिताना कधी पावशेराचं दीड पावशेर करायचा. आईला ते कळायचं, पण वीस तारखेनंतर भांडण काढायची सोय नसे. ते ती अकरा तारखेला काढायची, रोख पैसे हातात ठेवून.

भाकरीचा हिशेब असा. किलोभर पिठाच्या आठ भाकरी. आण्णांना तीन, आईला दोन, आजीला एक, आम्हा चौघांना मिळून सहा. एका वेळच्या बारा. म्हणजे दीड किलो पीठ, दिवसाला तीन किलो, महिन्याला नव्वद. एवढी ज्वारी पगारातून आधी बाजूला निघायची. भाडं नंतर, शाळेची फी त्याहून नंतर. मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर आई खूश असायची. पांढरी, टपोरी, पिठाला विरी असलेली. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. तो असला की थापताना भाकरीला कडेनं चिरा जात नाहीत. ज्वारी घेताना आई दोन दाणे दाताखाली चावून बघायची. दुकानदार म्हणायचा, “बाई, चव घेऊनच पोट भरणार का?” आई म्हणायची, “भरलं तर बरंच होईल की.”

जळणाचा हिशेब त्याहून किचकट होता. रॉकेल रेशनवर मिळायचं, तेही मोजून. म्हणून आमच्याकडं भुशाची शेगडी. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पत्र्याचा डबा, खाली एका बाजूला भोक. डब्यात मधोमध एक काचेची बाटली उभी धरायची, तळाच्या भोकात आडवी काठी घालायची, आणि भोवती लाकडाचा भुसा ठासून ठासून भरायचा. मग बाटली आणि काठी हलक्या हातानं काढून घ्यायची. भुशात सरळ भुयार तयार होतं. खालून चिंधी पेटवली की ते भुयार आतून कित्येक तास धुमसत राहतं. भुसा आणायचं काम माझं आणि धाकट्या भावाचं. लाकडाच्या वखारीतून पोतं भरून आणायचो. ठासायचं काम मात्र आई कुणाला देत नसे. सैल ठासला की भुयार ढासळतं, आणि ढासळलं की धूर होतो, अर्धा स्वयंपाक तसाच राहतो.

ही शेगडी मध्येच विझवता येत नाही आणि मोठी-बारीकही करता येत नाही. त्यामुळं स्वयंपाकाचा क्रम आईच्या मर्जीवर नव्हता. भर आचेवर भाकऱ्या. आच उतरली की आमटी. आणखी उतरली की शेंगदाणे भाजायचे. शेवटी राखेच्या उबेवर पाण्याचं पातेलं, आण्णा पाळीवरून आल्यावर हातपाय धुवायला. एका पेटवणीत सगळं. आज मी गॅसवर आधी फोडणी करते, मग विसरते, मग परत पेटवते. आई असती तर काही बोलली नसती, नुसती बघत राहिली असती.

पिठलं आमच्याकडं आठवड्यातून तीनदा तरी व्हायचं. भाजीवाल्याचं तोंड न बघता सात माणसांचं भागवणारा दुसरा पदार्थ मला माहीत नाही. वाटीभर बेसन आणि चार-साडेचार वाट्या पाणी. लोखंडी कढईत तेलाची एकच पळी, तीही काठोकाठ नाही. मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या, हळद. त्यावर पाणी. पाण्याला खळखळून उकळी येईतो आई पिठाला हात लावायची नाही. उकळी आली की डाव्या हाताच्या मुठीत पीठ घ्यायची आणि बोटांच्या फटींतून पेरायची. पेरायची हाच शब्द. उजव्या हातात उलथन्याचा दांडा धरून ती सतत ढवळत राहायची. पीठ पेरणारा हात आणि ढवळणारा हात यांची गती जमली नाही तर गुठळ्या होतात. माझ्या पहिल्या पिठल्यात सुपारीएवढ्या गुठळ्या होत्या. आण्णांनी त्यातली एक बोटानं दाबली, आत कोरडं पीठ निघालं. ते म्हणाले, “बरं झालं, भजी पण केलीस.”

पीठ पेरायचा हा उपाय पिठल्यापुरता नव्हता. मेथीची एक जुडी सातांना पुरत नाही. पीठ पेरलं की पुरते. कांद्याची पात, मुळ्याचा पाला, शेपू, सगळ्यांना तोच न्याय. मुळ्याचा पाला तर भाजीवालीकडून फुकट मिळायचा, मुळा घेतला तर. अंबाडीत मूठभर तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या टाकल्या की ती टोपभर व्हायची. पगाराच्या रविवारी अर्धा किलो मटण यायचं तेव्हाही हेच. रश्श्यात भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा आणि आळून यायला चमचाभर भाजलेलं ज्वारीचं पीठ. माणशी दोन-तीन फोडी, रस्सा मात्र दोनदा. तेव्हा मटण तोंडी लावायला असायचं.

आता तिखटाबद्दल.

सोलापूरचं जेवण तिखट असतं याची बाहेरच्यांना फार मौज वाटते. हवामानाची, मातीची, स्वभावाची कारणं देतात. मला त्यातलं एकही पटत नाही. वाटीभर पाण्यासारख्या आमटीवर माणसानं तीन भाकऱ्या खायच्या असतील तर त्या आमटीला धार लागते. गुळमट आमटी असली तर एका भाकरीला दोन वाट्या लागतील. जाळ आमटी असली तर दोन भाकऱ्यांना अर्धी वाटी पुरते, कारण प्रत्येक घासात नुसतं टोक बुडवायचं असतं. डाळ महाग, तेल महाग, मिरची त्या मानानं स्वस्त. आणि मिरचीचं काळं तिखट एकदा उन्हाळ्यात करून ठेवलं की वर्षभर चिंता नाही. आमच्या शेंगाचटणीचंही तसंच. उखळात कुटून कुटून शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत आणायची. मग वरून तेल घालायला नको. एक चमचा चटणी आणि आख्खी भाकरी, आण्णांच्या डब्यात कितीतरी वेळा एवढंच असायचं. आता ती चटणी पाकिटात घालून विकतात आणि पाहुणे पुण्या-मुंबईला नेतात. नेऊ देत. फक्त ती पोळीला तूप लावून तिच्यावर पसरतात तेव्हा माझा जीव थोडा कळवळतो.

वर्तमानपत्रांत ‘स्वस्त आणि पोटभर’ अशा मथळ्याखाली पाककृती येतात, त्या मी वाचते. चार माणसांसाठी इतके रुपये असं खाली लिहिलेलं असतं. चटणी कुटायचा तास त्यात नसतो. भुसा ठासलेला नसतो. तासाला पैसे लावले तर आईचं पिठलं हॉटेलातल्या पनीरपेक्षा महाग पडेल. असो.

१९७२ साली मी दहा वर्षांची होते. त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल, आणि त्याच्या आदल्या वर्षीही धड झाला नव्हता. आमच्याकडची ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर पेरायची, नंतर काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती थंडीभर वाढते, वरून पाणी लागत नाही. पण ती ओलच जमिनीत गेली नाही तर दाणा कुठला? गावाकडून दरवर्षी काकांची दोन पोती यायची. त्या वर्षी पोत्यांऐवजी काका-काकूच आले, दोन पोरं घेऊन. सातांचे आम्ही अकरा झालो.

रेशनवर मिलो आली. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला विरी नावालाही नव्हती. आई आधणाच्या पाण्यात पीठ मळायची, तरी भाकरी तव्यावर टाकताना दुभंगायची. रंग विटेसारखा. आजीनं पहिला घास तोंडात घेतला आणि ताटाकडं बघत राहिली. “जनावराला घालतात ती हाय का गं ही?” आई म्हणाली, “माणसाला द्यायलीत, आत्याबाई. खावा.”

त्याच सुमारास मुंबईत महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी बायकांचे मोर्चे काढले होते, हातात लाटणी घेऊन. आण्णांनी ती बातमी आईला वाचून दाखवली. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आमच्याकडं लाटणं निघतं पुरणपोळीला. भाकरीला काय, हातच. आम्ही काय हात हलवत जायचं?” आण्णा हसले. आई हसली नाही. तिनं ते खरंच विचारलं होतं, असं मला आता वाटतं.

त्या हिवाळ्यात एक गोष्ट झाली, ती मला समजायला पुढं वीस वर्षं लागली.

आमची आमटी फिकी झाली. म्हणजे पातळ झाली ते समजण्यासारखं होतं. अकरा माणसं, डाळ तेवढीच. पण पातळ झाली की आई एरवी तिखट वाढवायची. या वेळी उलटं झालं. आमटी पातळही आणि मिळमिळीतही. कधी आमटीच्या जागी ताकातल्या कण्या. मोठं पातेलं भरून, पांढऱ्याफेक, मीठ घातलेल्या. चार मुठी कण्या रटरट शिजवल्या की फुगून पातेलं भरतं, वर ताक आणि पाणी. पोट तुडुंब व्हायचं आणि तासाभरात रिकामं.

आजी एकदा वैतागली. “अगं, आमटीला तिखट लावलंस का नुसतं दाखवलंस?”

“तिखट संपलंय, आत्याबाई.”

मी तिथंच बसले होते. तिखटाची बरणी घडवंचीखाली, पत्र्याच्या ट्रंकेमागं होती, निम्म्याहून जास्त भरलेली. आदल्याच दिवशी लोणच्याची बरणी काढताना मी ती बघितली होती. मी तोंड उघडलं. आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही; आमटी वाढता वाढता, पळी हवेत धरून, एवढंच. मी तोंड मिटलं. आई खोटं बोलते हे मला पहिल्यांदा समजलं आणि का बोलते ते काही केल्या कळेना. मला वाटलं, ती काकूपासून बरणी लपवतेय. कित्येक वर्षं मी मनात आईला थोडी कोती धरून होते.

लग्नानंतर माझ्या घरी एकदा अचानक दिराकडची पाच माणसं आली. पीठ कमी होतं, गिरणी बंद. मी घाईत आमटी केली आणि तिखट घालायचं विसरले. सगळे भिडेनं काही बोलले नाहीत. आणि पंधरा भाकऱ्या लागतील असं वाटलं होतं तिथं नऊंत भागलं. उरलेल्या पिठाच्या डब्याकडं बघत मी ओट्यापाशी उभी राहिले, आणि घडवंचीखालची बरणी डोळ्यांपुढं आली. तिखट असलं की भाकरी जास्त जाते. एरवी आईला तेच हवं असायचं: भाकरी भरपूर, कालवण थोडं. पण ७२ साली भाकरीच मोजकी होती. म्हणून तिनं तिखट काढून घेतलं. अकरा माणसांची भूक तिनं त्या एका बरणीच्या झाकणानं कमी-जास्त केली आणि कुणाला कळू दिलं नाही. “भाकरी कमी खा” हे सासूला, दिराला, जावेच्या पोरांना तोंडानं कसं सांगणार? तिनं ते आमटीकरवी सांगितलं.

मी तिला हे विचारलं तेव्हा ती साठीच्या पुढं होती. लसूण सोलत होती. म्हणाली, “तुला बरणी दिसली होती व्हय?” एवढंच. आणि पुढची पाकळी घेतली.

पुढं काका-काकू दुष्काळी कामावर परत गेले. गावाजवळ रस्त्याचं काम निघालं होतं, खडी फोडायचं. कामावर सुकडी मिळायची, पीठ, गूळ आणि तेल यांची. काकू शनिवारी पोरांना भेटायला यायची तेव्हा पदराच्या गाठीत सुकडी बांधून आणायची. स्वतःच्या वाटणीतली उरवलेली. घामाचा आणि दगडाच्या पिठीचा वास असायचा तिला. आम्हा सहा पोरांत ती वाटली जायची, चिमूटचिमूट. अजूनही कुणी मला आवडता गोड पदार्थ विचारला तर मी श्रीखंड सांगते, पण ते खरं नाही.

आता काळ पालटला हे सांगायला नको. आण्णांची मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२३ हे वर्ष तर जगानं भरडधान्यांचं म्हणून पाळलं. माझी मुलगी पुण्यात ‘मिलेट बोल’ मागवते. त्यात मूठभर ज्वारी असते आणि बाकी सगळं वरून घातलेलं. मी तिला म्हटलं, “अगं, यात सगळं तोंडी लावणंच आहे, जेवण कुठाय?” ती म्हणाली, “आई, प्रोटीन बघ.” मी बघितलं. बिल पण बघितलं.

तिची चेष्टा करण्यात अर्थ नाही, तिला परवडतं. मला विचार करायला लावलं ते आमच्याकडं भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींनी. त्यांच्या घरी पाच माणसं. अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ साली झाला. त्यात माणशी महिन्याला पाच किलो धान्य, गहू दोन रुपयांनी, तांदूळ तीन रुपयांनी. २०२३ पासून तेही फुकट. मावशींना पंचवीस किलो धान्य एक पैसा न देता मिळतं. मी म्हटलं, “मग बरंय की.” त्या म्हणाल्या, “बरंच हाय. पर ताई, चपातीला तेल लागतंय. चपातीसंगं भाजी लागतीय, भाजीला परत तेल. पोरं नुसत्या चटणीसंगं चपाती खाईनात. भाकरीला काय, पाणी आन् हात.” ज्वारी विकत घ्यायची तर ती गव्हाहून महाग. म्हणून घरात भाकरी होते ती आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. सणासारखी.

मी रात्री बसून त्यांचा हिशेब मांडला, आईच्या पद्धतीनं. आणि तो सगळा उलटा आला. आमच्या घरी जेवणाला पैसे लागायचे आणि तोंडी लावायला जवळजवळ काही नाही. त्यांच्या घरी जेवण फुकट आहे आणि सगळी मजुरी तोंडी लावण्यात चालली आहे. तेल, तूरडाळ, कांदा, टोमॅटो, गॅसची टाकी. पोतं भरलेलं असून बाई वीस तारखेला घाबरते, ते यामुळं. धान्य देणाऱ्यांनी पोटाचा विचार केला, यात वाद नाही आणि उपकारही मोठे आहेत. ७२ साली हे असतं तर आईला बरणी लपवावी लागली नसती. पण त्या धान्यासोबत महिन्याला दोन किलो डाळ आणि किलोभर तेल नेमानं आलं असतं तर मावशींचं घर खऱ्या अर्थानं सावरलं असतं. आणि सोलापूरच्या रेशनवर सोलापूरची ज्वारी आली तर काय बिघडेल, हे मला कुणी समजावून सांगावं.

सरकारी ताटांचाही मला नाद आहे. १९९५ साली युतीच्या सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली तेव्हा आण्णा मुद्दाम खाऊन आले होते. “झुणका बरा होता, भाकरी गार होती,” एवढा अभिप्राय. पुढं त्यातल्या कित्येक टपऱ्यांवर झुणका सोडून बाकी सगळं मिळू लागलं. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांना. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. मी एका केंद्रावर रांगेत उभी राहून जेवले. वरण गरम होतं, भाजीत मीठ बरोबर होतं, वाढणारी बाई हसून वाढत होती. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, धोतर-टोपीतले. त्यांनी दोन्ही चपात्या एकावर एक ठेवून एक केली, हातावर तोलून बघितली आणि मग खाल्ली. आईच्या एका भाकरीला सव्वाशे ग्रॅम पीठ लागायचं. ते तोलणं मला समजलं. ताट चांगलं होतं. म्हाताऱ्याला मात्र तेवढ्यात भागलेलं दिसलं नाही.

आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिची लोखंडी कढई माझ्याकडं आहे. तळाला मधोमध जरा खोलगट झालेली, उलथन्यानं खरवडून खरवडून. पिठल्याची खरवड म्हणजे कढईच्या बुडाशी धरलेली पापडी. ती आम्हा पोरांत आळीपाळीनं वाटली जायची. कुणाची पाळी यावरून मारामाऱ्या व्हायच्या. खरवड निघाली की कढई आईची. ती शेवटी बसायची, ताट न घेता, कढई पुढ्यात ओढून, भाकरीच्या तुकड्यानं कढईची कड आतून पुसत पुसत जेवायची. “एक भांडं कमी घासायचं,” म्हणायची. भाकरीच्या दोन फेऱ्यांत कढई इतकी लख्ख व्हायची की घासायची गरजच राहू नये. तिच्या वाटणीचं पिठलं कढईत किती उरलेलं असायचं हे आम्ही कुणी कधी वाकून बघितलं नाही.

मी तिच्यासारखं कढईत जेवायला बसले की आजी ओरडायची, “ऊठ तिथनं, लग्नात पाऊस पडंल!” कढईत जेवणाऱ्या मुलीच्या लग्नात पाऊस पडतो, हे सगळ्यांना माहीतच असतं. माझ्या लग्नात खरंच पडला. मांडव भिजला, पंगत अर्धी उठवून शाळेच्या वऱ्हांड्यात बसवावी लागली. गेल्या महिन्यात आईची धाकटी बहीण आली होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. बोलता बोलता मी तिला विचारलं, “मावशी, आईच्या लग्नात किती पाऊस पडला होता गं?”

ती म्हणाली, “पाऊस? वैशाखातलं लगीन ते. ढगाचा ठिपका नव्हता. आणि माहेरी तुझी आई ताटात जेवायची.”